उसाचे निर्मळ बेणे : ऊतिसंवर्धनाची ओळख

द्वितीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

ऊस पेरीत नाहीत, लावतात. ज्वारीचे किंवा गव्हाचे बियाणे पिशवीत घालून शेतावर नेता येते. उसाच्या बाबतीत मात्र उसाचेच तुकडे करून सरीत मांडावे लागतात. या तुकड्याला आपण टिपरी म्हणतो आणि टिपरीवरच्या डोळ्यातून नवा ऊस फुटतो. एक एकर लागणीला दोन डोळ्यांच्या सुमारे १०,००० टिपऱ्या लागतात. एवढे बेणे लांबून विकत आणणे परवडत नाही, म्हणून बहुतेक शेतकरी शेजाऱ्याच्या, पाहुण्याच्या किंवा स्वतःच्याच उभ्या उसातून बेणे काढतात. असे चारसहा वर्षे चालते. मग एखाद्या वर्षी फुटवे नीट येत नाहीत, पानांवर फिकट पट्टे दिसू लागतात, कांडी आखूड राहते. पारावर निकाल लागतो, "रान दमलं." मग खताचे एक पोते वाढते, पाण्याची एक पाळी वाढते, आणि तरीही टनेज काही वाढत नाही.

रान दमते हे खरेच आहे. परंतु पुष्कळ वेळा रानाच्या आधी बेणे दमलेले असते, आणि त्याकडे आपले लक्ष जात नाही. दमलेले बेणे पुन्हा निर्मळ करण्याची जी रीत विज्ञानाने शोधून काढली आहे तिला ऊतिसंवर्धन म्हणतात. गावात तिलाच 'टिश्यू कल्चर' म्हणतात. ही रीत कशी चालते, ती काय देते, काय देत नाही, आणि लहान शेतकऱ्याला ती परवडेल काय, एवढ्या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी नाही. त्यामुळे जे स्वतःला समजले तेवढेच येथे मांडले आहे.

बेणे का बिघडते?

उसाला तुरा येतो आणि त्या तुऱ्यात बारीक बीही धरते. परंतु त्या बियांपासून आलेले प्रत्येक रोप वेगळ्या गुणांचे निघते. आईबापांची सगळी मुले सारखी नसतात, तसेच हे आहे. नवीन जाती शोधणाऱ्या शास्त्रज्ञांना हा वेगळेपणा हवा असतो. कोइमतूर येथे १९१२ मध्ये ऊस पैदास केंद्र निघाले ते तेथे उसाला चांगला तुरा येतो म्हणूनच. आपल्या उसांच्या नावामागचे 'को' हे अक्षर त्या कोइमतूरचे आहे. शेतकऱ्याला मात्र वेगळेपणा नको असतो. त्याला निवडलेली जात जशीच्या तशी हवी असते, आणि म्हणून तो टिपरी लावतो.

टिपरीतून आलेला ऊस हा मूळ उसाचाच पुढचा भाग होय. या दृष्टीने पाहिले तर आज शेतोशेती उभा असलेला को ८६०३२ हा सगळा एकाच मूळ रोपाचा विस्तार आहे. यात मोठी सोय आहे, तसा मोठा धोकाही आहे. गुण जसे पुढे जातात तसे रोगही पुढे जातात. गवताळ वाढ, काणी, मोझॅक, खोड खुजवा हे सगळे रोग बेण्यातून पसरतात. रोगट उसाच्या टिपरीतून आलेला ऊस पहिल्या दिवसापासून रोग अंगात घेऊनच वाढतो. त्याचा खोडवा रोगट, त्याचे बेणे रोगट, आणि ते बेणे ज्याने विश्वासाने नेले त्याचे रानही रोगट.

यावर जुना उपाय आहे. बेण्यावर ५४ अंश सेल्सिअसची दमट उष्ण हवा १५० मिनिटे सोडतात. या प्रक्रियेने गवताळ वाढ आणि काणी यांना पुष्कळ आळा बसतो. मोझॅकच्या विषाणूवर मात्र केवळ या उपायाचा भरवसा धरता येत नाही. हा विषाणू पेशीच्या आतच राहतो, आणि त्याला मारण्याइतकी उष्णता दिली तर डोळाही मरण्याची भीती असते.

दुसरी अडचण वेगाची आहे. एका एकरातील बेण्यावर वर्षभराने साधारण दहा एकर लागण होते. कोइमतूरला किंवा सातारा जिल्ह्यातील पाडेगावच्या संशोधन केंद्रात एखादी चांगली जात निवडली गेली, तरी मूठभर उसापासून गावोगाव पोहोचावयास तिला बरीच वर्षे लागतात. तेवढ्या वर्षांत वाटेवरचे रोग तिला गाठतात ते वेगळेच.

कल्पनेचा इतिहास

'ऊति' या संस्कृत शब्दाचा एक अर्थ वीण असा आहे. 'ओतप्रोत' मधील 'ओत' हा शब्दही त्याच घराण्यातला. अनेक पेशी एकमेकींत विणल्या जाऊन वनस्पतीचे शरीर बनते, म्हणून त्या विणीला ऊति हे नाव मिळाले. या विणीतील एखादी पेशी सुटी करून वाढविली तर तिच्यापासून पुन्हा सगळी वनस्पती होईल काय, हा प्रश्न ऑस्ट्रियातील वनस्पतिशास्त्रज्ञ गॉटलिब हाबरलांड यांनी १९०२ मध्ये मांडला. त्यांच्या मते प्रत्येक पेशीत संपूर्ण झाडाची शक्यता दडलेली असते. त्यांनी प्रयोग केले. त्यांच्या पेशी काही काळ जगल्या, परंतु विभागल्या नाहीत. विचार बरोबर होता, पण पेशीला काय खाऊ घालावे हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हते.

ते कळावयास पुढची साठ वर्षे लागली. १९५७ मध्ये स्कूग व मिलर यांनी तंबाखूवर प्रयोग करून दाखविले की ऑक्सिन व सायटोकायनिन या दोन प्रकारच्या संप्रेरकांच्या प्रमाणावर पेशींचे भवितव्य ठरते. सायटोकायनिन जास्त असेल तर कोंब फुटतात, ऑक्सिन जास्त असेल तर मुळे फुटतात. १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांनी पोषक माध्यमाचा आपला पाठ प्रसिद्ध केला. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत त्या दोघांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून 'एमएस' माध्यमच सर्वांत जास्त वापरले जाते.

दरम्यान फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्टिन यांनी १९५२ मध्ये आणखी एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली होती. विषाणूने पछाडलेल्या डेलियाच्या झाडाच्या अगदी टोकावरचा सूक्ष्म भाग कापून वाढविला, तर त्यापासून विषाणूमुक्त झाड मिळते. याचे कारण असे की विषाणू प्रामुख्याने झाडाच्या रसवाहिन्यांतून दूरवर पसरतो, आणि शेंड्याच्या टोकाशी या वाहिन्या अजून तयार झालेल्या नसतात. घर भाड्याने भरून गेले तरी माळ्यावरची नवी खोली रिकामी असावी, तसा हा प्रकार आहे.

उसावर या दिशेने पहिले मोठे काम हवाई बेटांत झाले. तेथे १९६० च्या दशकात उसाच्या पेशींचे पुंजके वाढविण्यात यश आले आणि १९६९ मध्ये अशा पुंजक्यांपासून पूर्ण रोपे मिळविल्याचे संशोधकांनी प्रसिद्ध केले. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९७५ मध्ये उसाच्या शेंड्यापासून मोझॅकमुक्त रोपे वाढविल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांच्या ऊस उत्पादकांनी पुण्याजवळ मांजरी येथे संशोधन संस्था काढली. तिलाच आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणतात. उसाची ऊतिसंवर्धित रोपे तयार करण्याचे काम तेथेही चालते.

प्रयोगशाळेत काय घडते?

गेल्या वर्षी आम्हांला एक ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा पाहावयास मिळाली. आत जाण्यापूर्वी चपला काढाव्या लागतात, हात धुवावे लागतात आणि डोक्याला टोपी घालावी लागते. तेव्हा देवळात चाललो आहोत असेच वाटते. येथील सोवळे मात्र जंतूंचे आहे. पोषक माध्यमात साखर असते, आणि जे अन्न उसाच्या पेशीला मानवते ते बुरशीला तिच्याहून लवकर मानवते. बुरशीचा एक कण आत गेला तर बाटली वाया जाते.

सहाआठ महिन्यांच्या निरोगी, जातिवंत उसाचा शेंडा आणतात. तोडणीच्या वेळी जे वाढे आपण जनावरांपुढे टाकतो त्याच्याच गाभ्यात हे धन असते. वरची पाने सोलून काढतात, उरलेला भाग अल्कोहोलने व जंतुनाशकाने निर्जंतुक करतात. मग निर्जंतुक हवेचा झोत सोडणाऱ्या टेबलापाशी बसून, चिमट्याने व धारदार पात्याने एकेक कोवळे पान बाजूला करीत अगदी मधला वाढीचा बिंदू काढतात. तो मिलिमीटरच्या अंशाएवढा असतो. जेवढा लहान तुकडा घ्यावा तेवढी विषाणूमुक्तीची खात्री जास्त, पण तो जगण्याची शक्यता कमी. या दोहोंचा मेळ कामगाराच्या हाताला साधावा लागतो. आम्ही पाहिलेल्या प्रयोगशाळेत हे काम करणाऱ्या बहुतेक मुली आसपासच्या गावांतल्या होत्या. त्यांची बोटे मोगऱ्याच्या कळ्या ओवाव्यात तशी चालत होती.

हा बिंदू एमएस माध्यमावर ठेवतात. त्यात नत्र, पालाश, स्फुरद, चुना, लोह इत्यादी क्षार, काही जीवनसत्त्वे, संप्रेरके आणि दर लिटरला २० ते ३० ग्रॅम साखर असते. माध्यम घट्ट ठेवावयाचे असेल तर समुद्रशैवालापासून काढलेले अगार मिसळतात. हे सर्व १२१ अंशांवर वाफेच्या दाबाखाली आधी निर्जंतुक केलेले असते. उसाच्या बाळाला साखर पाजावी लागते, हे ऐकून आम्हांला गंमत वाटली. पण कारण साधे आहे. त्या कोवळ्या तुकड्याला स्वतःची साखर तयार करता येईल इतके हिरवे पान अजून आलेले नसते.

बाटल्या सुमारे २५ अंश तापमानाच्या खोलीत, दिव्यांच्या प्रकाशात मांडून ठेवतात. काही आठवड्यांत बिंदूपासून कोंब येतो, कोंबाला कोंब फुटतात आणि झुबका तयार होतो. दर दोनतीन आठवड्यांनी झुबका सोडवून त्याचे भाग नव्या बाटल्यांत लावतात. समजा, प्रत्येक खेपेला कोंब तिप्पट होतात असे धरले, तर एका बिंदूपासून आठ खेपांनंतर ६,५६१ कोंब होतील. तीन आठवड्यांची एक खेप धरली तरी हा काळ सहा महिन्यांपेक्षा कमी भरतो. हे गणित कागदावरचे आहे, प्रत्यक्षात काही कोंब मरतात आणि काही बाटल्या बुरशीने जातात. तरीही टिपरीचा वेग आणि बाटलीचा वेग यांतील अंतर त्यावरून ध्यानात येते.

मग आठाऐवजी अठरा खेपा का करू नयेत, असा प्रश्न आम्ही तेथे विचारला. उत्तर असे मिळाले की खेपा वाढत गेल्या की मूळ जातीहून वेगळी रोपे निघण्याचा धोका वाढतो. म्हणून ठरावीक खेपा झाल्या की जुने कोंब बाजूला ठेवून शेतातून नवा शेंडा आणतात. याच कारणासाठी बेण्याकरिता पेशींच्या पुंजक्याची वाट न धरता शेंड्याच्या बिंदूची वाट धरतात. पुंजक्यापासून आलेल्या रोपांत फरक पडण्याचे प्रमाण जास्त असते.

काचेतून रानात

शेवटच्या खेपेनंतर कोंबांना मुळे फुटण्यासाठी निराळ्या माध्यमावर ठेवतात. मुळे आली की रोप दिसावयास पूर्ण होते, परंतु ते अजून रानाचे नसते. बाटलीत हवा दमट असते, ऊन नसते, वारा नसतो, अन्न तयार मिळते. अशा रोपाच्या पानावर पाणी धरून ठेवणारा मेणासारखा थर नीट बनलेला नसतो. त्याला एकदम बाहेर काढले तर ते काही तासांत माना टाकते. म्हणून त्याला आधी हरितगृहात दमट हवेत आणि मग सावलीच्या जाळीखाली ट्रेमध्ये, असे मिळून सहाआठ आठवडे ठेवून हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावतात. याला रोपे कणखर करणे म्हणतात.

याचा अनुभव आमच्या घरी येऊन गेला आहे. तीन वर्षांपूर्वी आण्णांनी वीस गुंठ्यांसाठी एका रोपवाटिकेतून २,७०० रोपे आणली. मे महिना होता. ट्रे आले त्याच दुपारी, गडी हाताशी आहेत म्हणून, कोरड्या सरीत रोपे लावली आणि पाणी रात्री वीज आल्यावर दिले. आठवड्याभरात तिसरा हिस्सा रोपे गेली. रोपांबरोबर एक छापील कागद आला होता. रोपे ऊन उतरल्यावर लावावीत, आधी सरी भिजवून घ्यावी, लावल्याबरोबर पाणी द्यावे, असे त्यावर स्पष्ट लिहिले होते. आण्णांनी तो कागद पावतीबरोबर फडताळात जपून ठेवला होता. मी तेव्हा अकरावीत होते. तो कागद मी वाचला तो पंधरा दिवसांनी. तोपर्यंत आमच्या आळीत निकाल लागला होता की टिश्यू म्हणजे थोतांड आहे.

हिशेब

थोतांड म्हणणाऱ्यांचा दुसरा आक्षेप किमतीचा असतो, आणि तो खरा आहे. ऊतिसंवर्धित रोप टिपरीपेक्षा महाग पडते. चार फुटांची सरी आणि दोन रोपांत दोन फूट अंतर धरले तर एका रोपाला आठ चौरस फूट जागा लागते, म्हणजे एकरी ५,४४५ रोपे. दर वर्षी साऱ्या रानात अशी रोपे लावावयाची म्हटले तर ते लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

परंतु ही रोपे साऱ्या रानात लावण्यासाठी नसतातच. ती बेण्यासाठी असतात. त्रिस्तरीय बेणेमळ्याची जी पद्धत आपले कृषिशास्त्रज्ञ सांगतात तिचे मर्म हेच आहे. पहिल्या वर्षी रोपांपासून मूलभूत बेणे, दुसऱ्या वर्षी त्यापासून पायाभूत बेणे, तिसऱ्या वर्षी त्यापासून प्रमाणित बेणे, आणि मग सर्वसाधारण लागण. दर टप्प्याला दहापट वाढ धरली तर एका एकरातील रोपांवर शेवटी १,००० एकर ऊस उभा राहतो. ५,४४५ रोपांचा खर्च १,००० एकरांवर वाटला तर एका एकराच्या वाट्याला साडेपाच रोपेही येत नाहीत. अर्थशास्त्रात एखाद्या वस्तूची किंमत ती एकट्याने वापरली की एक असते आणि वाटून वापरली की दुसरी असते. त्याचे याहून सोपे उदाहरण मला सापडले नाही.

सहकारी साखर कारखान्याला हे काम सहज करता येण्यासारखे आहे, आणि अनेक कारखाने बेणेमळे करतातही. प्रवरानगरला १९५०–५१ च्या हंगामात सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले तेव्हा एकट्याला न परवडणारी यंत्रे सर्वांनी मिळून घेतली. तेच तत्त्व बेण्याला लागू पडते.

कारखान्याची वाट न पाहता एकट्या शेतकऱ्यालाही हे करता येईल काय? एका गुंठ्याला, वरच्याच अंतराने, १३६ रोपे लागतात. त्या गुंठ्यातून पुढच्या वर्षी दहा गुंठ्यांचे बेणे, आणि दहा गुंठ्यांतून त्याच्या पुढच्या वर्षी शंभर गुंठ्यांचे, म्हणजे अडीच एकरांचे बेणे निघते. अडीच एकरांच्या शेतकऱ्याला १३६ रोपे पुरतात! आम्ही २,७०० आणली होती. १३६ रोपे दारापुढच्या पट्ट्यात लावून घागरीनेही जगविता आली असती.

मर्यादा

या रीतीचे गुण सांगताना तिच्या मर्यादाही सांगावयास हव्यात, नाहीतर उद्या पुन्हा थोतांडाचा शिक्का बसेल.

पहिली मर्यादा अशी की निरोगी रोप आणि रोगप्रतिकारक रोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऊतिसंवर्धनाने रोप धुऊन निघते, त्याला चिलखत मिळत नाही. शेजारच्या रोगट उसावरून मावा मोझॅक घेऊन येतो, वारा काणीचे बीजाणू आणतो. म्हणून बेणेमळा रोगट उसापासून दूर असावा, त्यात फिरून रोगट बेट दिसताच ते मुळासकट उपटून नष्ट करावे, आणि तीनचार वर्षांनी बेणे पुन्हा बदलावे.

दुसरी मर्यादा अशी की या रीतीने जात बदलत नाही. को ८६०३२ चे रोप को ८६०३२ च राहणार. जातीतच जो दुबळेपणा असेल तो तसाच राहतो. उत्तर प्रदेशात को ०२३८ या जातीने फार मोठे क्षेत्र व्यापले, आणि अलीकडच्या वर्षांत लाल कूज या रोगाने तिलाच ग्रासले. सगळीकडे एकच जात असली की रोगालाही एकच कुलूप उघडावे लागते. ऊतिसंवर्धनामुळे एकच जात वेगाने पसरविणे सोपे होते, म्हणून हा धोका विसरून चालणार नाही. नवीन जातींचे काम कोइमतूर आणि पाडेगाव यांनाच करावे लागणार आहे.

तिसरी गोष्ट पाण्याची. निरोगी बेणे पाण्याची गरज मिटवीत नाही. ज्या गावाच्या विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतात तेथे बेण्याआधी पाण्याचाच विचार व्हावयास पाहिजे.

चौथी गोष्ट खात्रीची. रोप बाहेरून पाहून ते विषाणूमुक्त आहे की नाही हे सांगता येत नाही, त्यासाठी तपासणी लागते. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून ऊतिसंवर्धित रोपांसाठी प्रमाणन व्यवस्था सुरू केली आहे. रोपे घेताना प्रमाणपत्र मागण्याचा हक्क आपल्याला आहे, हे गावात फार थोड्यांना माहीत असते.

समारोप

तात्पर्य, ऊतिसंवर्धन ही नवा ऊस घडविण्याची जादू नसून जुनाच ऊस निर्मळ करून परत देण्याची रीत आहे. प्रयोगशाळा आपले काम एकदाच करते. त्यानंतरची तीन वर्षे ते बेणे निर्मळ ठेवण्याचे काम शेतात, शेतकऱ्याच्या डोळ्यांनी व हातांनी होते. बाटलीतले ज्ञान शेतापर्यंत पोहोचते ते ट्रेबरोबर आलेल्या एका कागदावरून, आणि तो कागद वेळेवर वाचला गेला नाही तर मधली सारी मेहनत वाया जाते. आपल्या महाविद्यालयात उसाच्या पट्ट्यातून आलेले कितीतरी विद्यार्थी आहेत. घरातले छापील कागद वाचून सांगण्याचे काम बहुतेकांकडे असणार. ते काम रोपे लावण्यापूर्वी झाले पाहिजे, एवढेच मला माझ्या अनुभवावरून सांगावयाचे आहे.

येत्या हंगामात आण्णा पुन्हा एकदा रोपे आणण्यास तयार झाले आहेत. या वेळी एकाच गुंठ्याची.